तावदानात दिसणारे आकाश

वाचकाचे पत्र:

आम्ही सात महिन्यांपूर्वी नव्या घरात राहायला आलो. दिवाणखान्याला बागेच्या बाजूने भिंतभर काच आहे. बागेत झाडे आहेत, आणि पक्ष्यांसाठी मी पाण्याचे पसरट भांडे ठेवले आहे. ते काचेपासून साधारण पाच मीटरवर आहे. गेल्या दोन महिन्यांत चार पक्षी काचेवर आदळले. दोन जागीच गेले. एक थोडा वेळ बसून राहिला आणि उडून गेला. चौथ्याला माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने उचलले आणि चमच्याने पाणी पाजायचा प्रयत्न केला. तो पक्षी त्याच्या हातातच मेला. तेव्हापासून मुलगा त्या खोलीत बसत नाही. मी ससाण्याच्या आकाराचे काळे स्टिकर आणून काचेच्या मधोमध लावले होते, पडदेही ओढून ठेवत होते, तरीही हा चौथा पक्षी आदळलाच. माझे पती म्हणतात की हा निसर्गाचा नियम आहे, दुबळे पक्षी असेच जातात. मला ते पटत नाही, पण त्यांना उत्तरही देता येत नाही. पाण्याचे भांडे काढून टाकावे का? शिवाय एक वेगळाच पक्षी रोज सकाळी बाजूच्या लहान खिडकीवर चोच मारत असतो. तोही असाच मरेल का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आधी तुमच्या मुलाविषयी लिहिते, कारण या पत्रातले सर्वांत जड ओझे त्याच्या वाट्याला आले आहे. आपण पाजलेल्या पाण्याने पक्षी मेला असे त्याच्या मनाने घेतले असेल, तर त्याला जवळ बसवून आजच खरे काय ते सांगा. भरवेगात काचेवर आदळणाऱ्या पक्ष्याच्या डोक्याला मार बसतो, आत रक्तस्राव होतो आणि मेंदूला सूज येते. बाहेरून मात्र पिसे जागच्या जागी असतात, त्यामुळे पक्षी नुसता घाबरला आहे असे आपल्याला वाटते. (मान मोडून पक्षी मरतो असा समज सर्वत्र आहे, पण मृत पक्ष्यांची तपासणी करणाऱ्या अभ्यासकांना बहुतेकांची मान शाबूत आढळली आहे.) आदळल्यानंतर थोड्याच वेळात प्राण सोडणाऱ्या पक्ष्याला अशी इजा आधीच झालेली असते आणि ती काचेने केलेली असते. तुमच्या मुलाने एका जखमी जिवाला हातात घेतले, इतकेच.

तरीही पुढच्या वेळेसाठी त्याला एक गोष्ट शिकवा: जखमी पक्ष्याला पाणी किंवा खाणे कधीही देऊ नये. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते, आणि अर्धवट शुद्धीत असलेल्या पक्ष्याच्या चोचीत घातलेले पाणी सहज फुप्फुसात जाते. पक्ष्याला दोन्ही हातांनी अलगद उचलावे, मुठीत आवळू नये. आपल्याला जसे श्वासपटल असते तसे त्याला नसते, छातीचे हाड पुढेमागे हलवूनच तो श्वास घेतो, त्यामुळे छाती दाबली गेली की त्याचा श्वास कोंडतो. पुठ्ठ्याचा झाकण असलेला खोका घ्यावा, झाकणाला चार-पाच भोके पाडावीत, तळाशी मऊ कापड घालावे, त्यात पक्षी ठेवून झाकण लावावे आणि खोका मांजर, कुत्रा, पंखा आणि माणसांचे आवाज यांपासून दूर, उबदार जागी ठेवून द्यावा. अंधार हेच इथे औषध आहे, कारण अंधारात पक्षी धडपड करत नाही. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून पाहण्याचा मोह फार होतो, पण पक्ष्याच्या दृष्टीने तो प्रत्येक वेळी एका मोठ्या प्राण्याचा चेहरा अंगावर येण्यासारखा प्रकार असतो. तासाभराने खोका बाहेर, झाडाजवळ नेऊन उघडावा आणि मागे सरावे. पक्षी बरा असेल तर स्वतः उडेल. त्याला हवेत उडवू नये. तो उडाला नाही, एक पंख लोंबत असेल, मान एका बाजूला कलत असेल किंवा रक्त दिसत असेल, तर खोका पुन्हा बंद करून पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे किंवा वन्यजीव बचाव केंद्राकडे न्यावा. शेवटी हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

तिसरा पक्षी उडून गेला म्हणून तो वाचला असे धरून चालू नका. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण ते लपवले तर प्रश्नाचा आकारच तुमच्या लक्षात येणार नाही. अमेरिकेतील पक्षी-अभ्यासक डॅनियल क्लेम १९७४ पासून याच एका विषयाचा पाठपुरावा करत आले आहेत, आणि काचेवर आदळणाऱ्या पक्ष्यांपैकी निम्म्यांच्या आसपास मरतात असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्यांत काही काळ बसून पुन्हा उडालेले आणि पुढे कुठेतरी झुडपात आतल्या इजेने मेलेले पक्षीही येतात. म्हणून जो पक्षी स्तब्ध बसलेला दिसेल, त्यालाही मांजरांपासून सुरक्षित असा तासभर मिळवून देणे हे तुमच्या हातातले काम आहे.

आता तुमच्या पतींच्या म्हणण्याकडे वळते. ते कठोर मनाने बोलले असे मला वाटत नाही. दुःख आवरायला माणसे नियमाचा आधार घेतात. पण हा नियम काचेला लागू पडत नाही. ससाणा थव्यातला थकलेला, आजारी किंवा बेसावध पक्षी हेरतो, त्यामुळे शिकारीतून दुबळे गळतात हे बरेच खरे आहे. काच कोणालाही हेरत नाही. तिच्यावर आदळतो तो पक्षी बहुधा धडधाकट असतो, पूर्ण वेगात असतो आणि समोर मोकळी वाट आहे अशा पक्क्या खात्रीने येत असतो. किंबहुना जो जास्त जोमाने उडतो त्याला मार जास्त बसतो. सशक्त आणि दुर्बल, अनुभवी आणि नुकते घरटे सोडलेले, सगळेच सारख्या सहजतेने मरतात, त्यामुळे जगल्यावाचलेल्यांकडून पुढच्या पिढीला काही शहाणपण मिळावे असेही घडत नाही. पक्ष्यांच्या वंशाला झाडांची, वाऱ्याची आणि शिकारी प्राण्यांची ओळख व्हायला लाखो वर्षे मिळाली. भिंतभर काच त्यांच्यासमोर आली ती अगदी काल. तेव्हा याला निसर्गाचा नियम म्हणण्याऐवजी आपण घराच्या भिंतीत घडवलेला चकवा म्हणणे अधिक बरोबर होईल, आणि आपण घडवलेली गोष्ट आपल्याला दुरुस्तही करता येते.

हा चकवा दोन प्रकारचा असतो. पहिला प्रतिबिंबाचा: दिवसा घराच्या आतल्यापेक्षा बाहेर उजेड जास्त असतो, म्हणून बाहेरून पाहिले तर तावदानात बागेतली झाडे आणि त्यांच्यावरचे आकाश जसेच्या तसे दिसते आणि पक्षी त्या खोट्या झाडाकडे झेपावतो. दुसरा आरपार दिसण्याचा: घराच्या कोपऱ्यात दोन काचा मिळत असतील किंवा दोन खिडक्या समोरासमोर असतील, तर पक्ष्याला पलीकडची हिरवळ दिसते आणि मधली भिंत त्याच्या लेखी नसतेच. माणसालाही काच दिसत नाही. आपण चौकट, कडी, डाग आणि आजवर खाल्लेल्या टकरा यांवरून ती ओळखायला शिकलेलो असतो. शिवाय बहुतेक पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्यांना भोवतालचे पुष्कळ दिसते, पण दोन्ही डोळ्यांनी मिळून समोरचे दिसण्याचा पट्टा अरुंद असतो. मोकळ्या आकाशात उडणाऱ्याला समोर अचानक भिंत उभी राहील ही शक्यताच फारशी नसल्यामुळे, ही रचना त्याला कधी नडली नव्हती.

उद्या सकाळी बागेत जाऊन, पक्षी जिथून येतात तिथे उभ्या राहून, आपल्या घराकडे पाहा. आतून इतके दिवस जी काच तुम्ही पाहिलीत ती आणि ही वेगळीच आहे असे तुम्हाला वाटेल. ज्या भागात झाडांचे किंवा आकाशाचे प्रतिबिंब सर्वांत स्वच्छ दिसते तो भाग सर्वांत घातक समजावा आणि कामाची सुरुवात तिथून करावी. पडद्यांनी काम का भागले नाही हेही तिथे उभे राहिल्यावर समजेल: प्रतिबिंब काचेच्या बाहेरच्या अंगावर पडते, त्यामुळे आत पडदा असो वा नसो, पक्ष्याला झाड दिसतच राहते, उलट गडद पडद्यामुळे ते अधिकच ठळक होते. आरपार दिसण्याच्या चकव्यावर पडद्याचा थोडा उपयोग होतो, पण तुमच्या काचेचे दुखणे बहुधा प्रतिबिंबाचे आहे.

ससाण्याच्या स्टिकरविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण अनेक घरांत लोक मनापासून हे एकच स्टिकर लावतात आणि निर्धास्त होतात. मीही एके काळी लावले होते, आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर काचेला चिकटलेली पिसे पाहिल्यावर या विषयाच्या मागे लागले. काचेवरची न हलणारी काळी आकृती म्हणजे शिकारी पक्षी आहे असे इतर पक्ष्यांना वाटत नाही. त्यांना तो एक अडथळा वाटतो आणि ते तो चुकवतात. चुकवून जातात ते शेजारच्या मोकळ्या काचेकडे. दाट फांद्यांमधल्या फटींतून सफाईने निसटत जाणे हे लहान पक्ष्यांचे रोजचे उडणे आहे, म्हणून काचेवरच्या दोन खुणांमध्ये आपले अंग मावेल इतकी जागा दिसली की ती त्यांना वाटच वाटते. प्रश्न खुणेच्या आकाराचा किंवा चित्राचा नसून दोन खुणांमधल्या अंतराचा आहे. हे अंतर उभे आणि आडवे, दोन्ही दिशांनी ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त असू नये. पूर्वी एका दिशेने ५ आणि दुसऱ्या दिशेने १० सेंटिमीटर असे प्रमाण सांगितले जात असे, पण अगदी लहान पक्षी त्यातूनही जाण्याचा प्रयत्न करतात म्हणून आता ते कमी केले गेले आहे. खुणा काचेच्या बाहेरच्या बाजूलाच हव्यात, कारण आतल्या खुणा प्रतिबिंबामागे लपून जातात. आणि त्या काचेच्या संपूर्ण पृष्ठभागावर, कडेपर्यंत हव्यात. निम्मी काच मोकळी सोडली तर पक्षी त्या निम्म्या भागाकडे वळतात.

हे करण्याचे मार्ग बरेच आहेत. ठिपके छापलेली पारदर्शक फिल्म मिळते. ठिपका साधारण ६ मिलिमीटरचा असला तरी पुरतो आणि आतून बाहेर पाहताना काही दिवसांनी तो डोळ्यांना जाणवेनासा होतो. तुमची काच चार मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच आहे असे धरले, तर ५ सेंटिमीटर अंतराने सुमारे चार हजार ठिपके होतात, तेव्हा एकेक ठिपका हाताने चिकटवण्यापेक्षा फिल्म किंवा ठिपक्यांची तयार पट्टी बरी. दुसरा मार्ग दोऱ्यांचा आहे आणि भिंतभर काचेसाठी मला तो फार आवडतो: काचेच्या वरच्या चौकटीला बाहेरून एक पट्टी बसवून तिच्यापासून साधारण ३ मिलिमीटर जाडीच्या दोऱ्या सरळ खाली सोडायच्या, दोन दोऱ्यांमध्ये १० सेंटिमीटर अंतर ठेवायचे. तुमच्या चार मीटर काचेला सुमारे चाळीस दोऱ्या लागतील. उभ्या, वाऱ्यावर किंचित हलणाऱ्या दोऱ्यांना एवढे अंतर चालते असे चाचण्यांत दिसले आहे. फार लहान पक्षी बागेत येत असतील तर त्याही दाट लावाव्यात. तिसरा मार्ग जाळीचा: मच्छरजाळी काचेच्या बाहेरून लावली असेल तर ती प्रतिबिंब मोडते, आणि बारीक विणीची जाळी काचेपासून काही अंतरावर ताणून बसवली तर चुकून आलेला पक्षी तिच्यावरून मऊपणे मागे फेकला जातो. आणि यांतले काहीही आणेपर्यंत, आजच्या आज, ओल्या साबणाच्या वडीने काचेवर बाहेरून पाच-पाच सेंटिमीटरवर रेघा ओढून ठेवा. पावसात त्या धुऊन जातील आणि दिसायलाही नीटनेटक्या नसतील, पण तोपर्यंत पक्षी वाचतील.

अतिनील किरण परावर्तित करणारी, माणसाला जवळजवळ न दिसणारी स्टिकरेही विकत मिळतात आणि घराचे सौंदर्य बिघडत नाही म्हणून ती लोकांना भावतात. अनेक पक्ष्यांना अतिनील रंग दिसतो हे खरे आहे, पण सर्व पक्ष्यांना तो सारखा दिसत नाही, सावलीत आणि कमी उजेडात त्या खुणांचा प्रभाव उरत नाही, आणि उन्हाने त्यांचा गुण काही काळात ओसरतो. माझा सल्ला असा की ज्या खुणा तुम्हाला दिसतात त्यांवरच भरवसा ठेवावा.

एवढ्या ठिपक्यांनी खरोखर फरक पडतो का, असे तुमचे पती विचारतील, आणि विचारावेच. शिकागोच्या तळ्याकाठी मॅककॉर्मिक प्लेस नावाचे एक मोठे प्रदर्शन केंद्र आहे. शिकागोतल्याच फील्ड म्युझियम या निसर्ग-संग्रहालयाचे डेव्हिड विलार्ड यांनी १९७८ पासून त्या इमारतीच्या पायथ्याशी मरून पडलेले पक्षी गोळा करून त्यांची नोंद ठेवली. ५ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी, स्थलांतराच्या ऐन भरात, तिथे एकाच इमारतीपाशी सुमारे एक हजार पक्षी मेलेले सापडले. त्यानंतर २०२४ च्या उन्हाळ्यात त्या इमारतीच्या काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावली गेली, आणि पुढच्या हिवाळ्याआधीच्या स्थलांतरात तिथली मृत्यूंची संख्या सुमारे ९५ टक्क्यांनी घटली. इमारत तीच, तळे तेच, पक्ष्यांचा मार्गही तोच. मुख्य बदल काचेवरच्या ठिपक्यांचा होता. हा प्रश्न फक्त अशा अवाढव्य इमारतींचा आहे असेही नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात तिथे दर वर्षी ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी पक्षी इमारतींवर आदळून मरतात असा अंदाज मांडला आहे, आणि त्यात गगनचुंबी इमारतींचा वाटा एक टक्क्याहून कमी आहे. सुमारे ४४ टक्के मृत्यू एक ते तीन मजली घरांपाशी होतात. एकेका घराशी वर्षाला दोन-चार पक्षी मरतात, म्हणून ते कोणाच्या नजरेत भरत नाहीत. घरे मात्र कोट्यवधी आहेत. न्यूयॉर्क शहराने २०२१ पासून नव्या बांधकामात जमिनीपासून ७५ फुटांपर्यंत पक्ष्यांना दिसेल अशी काच सक्तीची केली, तीही याच कारणाने: झाडांच्या उंचीपर्यंतच पक्ष्यांचा वावर सर्वाधिक असतो.

पाण्याचे भांडे काढू नका, फक्त त्याची जागा बदला. पाच मीटर हे अंतर वाईट आहे. तिथून दचकून उडालेला पक्षी काचेपर्यंत पोहोचतो तेव्हा त्याने पुरता वेग घेतलेला असतो. भांडे काचेपासून एक मीटरच्या आत ठेवले तर पक्षी उडाला तरी त्याचा वेग मारक ठरत नाही, आणि इतक्या जवळून काचही त्याच्या ध्यानात येण्याचा संभव वाढतो. किंवा मग ते दहा मीटरहून दूर न्यावे. मधले अंतर टाळावे. घरातल्या हिरव्या कुंड्याही काचेला लागून ठेवू नयेत, कारण बाहेरच्या पक्ष्याला ते निवाऱ्याचे झुडूप वाटते. आणि रात्री त्या दिवाणखान्यात कोणी बसलेले नसेल तेव्हा दिवे मालवावेत, कारण रात्री प्रवास करणारे पक्षी उजेडाकडे ओढले जातात, जवळपास उतरतात आणि पहाटे काचांच्या गराड्यात जागे होतात.

लहान खिडकीवर रोज चोच मारणाऱ्या पक्ष्याची गोष्ट अगदी निराळी आहे. त्याला काच दिसत नाही म्हणून तो तिथे येत नाही. त्याला तिच्यात दुसरा पक्षी दिसतो म्हणून येतो. विणीच्या काळात बरेच पक्षी, विशेषतः नर, आपल्या हद्दीत दुसऱ्याला फिरकू देत नाहीत, आणि आरशातला प्रतिस्पर्धी काही केल्या मागे हटत नाही, म्हणून ही झुंज रोज चालते. जवळून आणि कमी वेगाने होणारे हे वार सहसा जीव घेत नाहीत, पण त्याची ताकद आणि दाणापाण्याचा वेळ त्यात वाया जातो. त्या एका खिडकीचे प्रतिबिंब बाहेरून कागद, कापड किंवा साबणाचा दाट थर लावून काही आठवडे झाकून टाका. विणीचा काळ सरला की तो येणे आपोआप थांबते. जवळच्या वाहनाच्या आरशावरही तो असाच तुटून पडत असेल, तर त्यावर कापडी पिशवी चढवावी.

मुलाने त्या खोलीत बसावे असा आग्रह आत्ता धरू नका. त्याऐवजी त्याला बाहेरच्या बाजूने कामाला घ्या. दोऱ्या मोजून कापणे, पट्टीवर दर १० सेंटिमीटरवर खूण करणे हे नऊ वर्षांच्या मुलाला उत्तम जमते, आणि काचेला उत्तर देण्यात आपलाही हात आहे हे त्याला कळेल. एक वहीही त्याच्या हाती द्या: कोणत्या दिवशी, किती वाजता, काचेच्या कोणत्या भागावर टक्कर झाली आणि पक्ष्याचे पुढे काय झाले. काम पूर्ण झाल्यावरही दोन-तीन महिने ही नोंद चालू ठेवावी, म्हणजे काचेचा एखादा भाग सुटला असेल तर तो त्या वहीतून लगेच कळेल आणि तिथे आणखी चार दोऱ्या सोडता येतील. भोके पाडलेला खोका मात्र आजच तयार करून दाराजवळच्या कपाटात ठेवा, आणि तो कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.